वारा थबकतो तेव्हा

वास आधी तिला आला.

तपासायच्या मुद्रितांच्या गठ्ठ्यावरून मान वर करून तिनं हवा हुंगली. दूध नाही. गॅस नाही. वायरही नाही. हा वास गोडसर होता, चिकट होता आणि करपत चालला होता. जमिनीवर रंगकाम करत बसलेल्या मुलीला तिनं उचलून कडेवर घेतलं आणि ती जिना उतरत सुटली. तळमजल्यावर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, एकाच पायात चप्पल आहे.

तळमजल्यावर अत्तरवाल्याची खोली होती. या इमारतीत राहायला आल्यापासून ती त्या दारावरून रोज जायची, पण आत कधी डोकावली नव्हती. आज दार सताड उघडं होतं. आत बाह्या दुमडलेला एक माणूस वजनकाट्यावर वाकून ड्रॉपरनं थेंब सोडत होता. त्याच्या पाठीशी, हात मागे नेला तर चटका बसेल इतक्या जवळ, शेगडीवरचं भांडं काळा धूर ओकत होतं.

"अहो, काहीतरी करपतंय तुमचं."

तो वळला. धूर पाहिला, मगच दचकला. बटण बंद केलं, फडक्यानं भांडं धरून खिडकीत ठेवलं, आणि मग जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाला, "राळ आहे. जरा... जास्त तापवून बघत होतो."

"करपेपर्यंत?"

"कधीकधी करपवावी लागते."

ठसका लागावा असा धूर खोलीत भरला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मुलीनं नाक तिच्या खांद्यात खुपसलं होतं. या माणसाचं नाक मात्र साधं आक्रसलंही नव्हतं.

"आई," खांद्यातून बारीक आवाज आला, "काकांचं नाक बंद आहे?"

त्यानं फडकं खाली ठेवलं. दारापर्यंत गेला, बाहेर कुणी नाही ना ते पाहिलं, आणि दार हलकेच लोटून घेतलं.

"हिवाळ्यात ताप आला होता," तो म्हणाला. "गेला. जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणतात, येईल. कधी ते सांगत नाहीत." मग तो पुढे म्हणाला, "तुम्ही कुणाला बोलू नका. अत्तरवाल्याला वास येत नाही, हे कळलं तर लोक हसतीलही नाहीत. नुसते यायचे थांबतील."

"मला कोण विचारतंय," ती म्हणाली आणि निघाली.

पण पहिल्याच पायरीवर तिचे पाय अडले. खाली शेगडी, स्पिरिटच्या बाटल्या, आणि ज्याला धूर दिसल्याशिवाय कळत नाही असा माणूस. बरोबर त्याच्या डोक्यावर तिची मुलगी दुपारची झोपते. ती परत फिरली.

"मी घरीच असते. दुपारी खाली येऊन बसत जाईन. माझं काम मी इथंही करू शकते."

"कशाला?"

"तुमच्या डोक्यावर माझी मुलगी झोपते म्हणून."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या एका अनवाणी पायाकडे. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "या," तो म्हणाला. "पण दोन्ही चपला घालून या. खाली काच असते."

*

तर अशी ती जायला लागली. प्रेमात पडायला नव्हे, पहारा द्यायला.

पहारा ही तिची सवयच झाली होती. नवरा होता तेव्हा अशी नव्हती ती. गाढ झोपायची, दूध उतू घालवायची, दाराला कडी लावायला विसरायची. मग तो खोकायला लागला. काय होतंय विचारलं की म्हणायचा, "काही नाही, साधा खोकला." ती मान डोलवायची. शेवटपर्यंत तो 'काही नाही'च म्हणत राहिला, आणि कळलं तेव्हा कळून उपयोग नव्हता. त्यानंतर तिनं दोन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या. मुलीच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून राहायचं. आणि 'काही नाही' म्हणणाऱ्या माणसाला घराच्या उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही.

घरात त्या दोघी आणि वन्सं. नवऱ्याची थोरली बहीण. टपाल कचेरीत नोकरी, लग्न केलं नव्हतं, जिभेला धार. भाऊ गेल्यावर त्या बॅग घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मी राहणार आहे. तुला आवडलं नाही तर तू जा."

पहिल्या आठवड्यात ती खाली कोपऱ्यातल्या खुर्चीवर मुद्रितं तपासत बसायची आणि तो काट्याशी. मुलगी मधल्या जमिनीवर. तिनं त्याचं नाव ठेवलं वासकाका. त्यानं तिचं ठेवलं खारूताई, कारण जे मिळेल ते दोन्ही हातांत धरून ती आधी त्याचा वास घ्यायची, मग तोंडात घालायची.

"हे आईकडून आलंय," तो म्हणाला.

"आईनं कधी तोंडात घातलंय काही?" ती मुद्रितांतून मान वर न काढता म्हणाली.

"नाही. पण परवा तुम्ही माझ्या हातातल्या चहाचा वास घेतलात."

"दूध जुनं होतं."

"होतं का?"

"तुम्ही प्यायलात. मी सांगेपर्यंत अर्धा कप संपला होता."

तो हसला. ती हसली नाही, पण तिची लाल पेन्सिल एकाच ओळीवर बराच वेळ थांबली.

मग एका दुपारी त्यानं कागदाची एक निमुळती पट्टी तिच्यासमोर धरली. "एक विचारू? यात काय आहे सांगाल?"

तिनं पट्टी नाकाशी नेली. "लिंबू. रागावलेलं लिंबू. आणि मागे... कपाट. आजोळचं कपाट असतं तसं. पण दोघं एकमेकांशी बोलत नाहीत."

त्यानं पट्टी परत घेतली, उलटसुलट करून पाहिली. तिला वाटलं, आपण काहीतरी बावळटासारखं बोललो. तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "हिवाळ्यापासून इतकं स्पष्ट मला कुणी सांगितलेलं नाही. हे नाक कुठं शिकलं?"

"शिकलं कुठलं. काळजीनं झालंय. मुलीला ताप यायच्या आधी तिच्या कपाळाला वास येतो, माहितीये? ओल्या खडूचा. पाटी पुसल्यावर येतो ना, तसा. डॉक्टर म्हणतात असं काही नसतं."

"असतं," तो म्हणाला. "असणारच."

*

हळूहळू त्यानं सगळं सांगितलं. एका मोठ्या कंपनीनं त्याच्याकडे नवं अत्तर मागितलं होतं, ऋतू बदलायच्या आत. आणि त्याला त्यात एक जागा भरायची होती. तो जिथं वाढला तो डोंगराचा उतार. खाली ओढ्याकाठी रानलिंबांची झाडी, वर देवदार. दिवसभर ऊन उताराला तापवतं आणि वारा खालून वर चढतो, म्हणून देवदाराच्या सावलीत बसलं तरी लिंबाचा वास. अंधार पडला की वारा फिरतो, वरून खाली उतरतो. मग ओढ्यात पाय सोडून बसलेल्याला देवदाराचा वास.

"आणि मध्ये?" तिनं विचारलं.

"मध्ये..." त्याचा हात काट्यावर थांबला. "ऊन कड्याआड जातं ना, तेव्हा वारा थबकतो. थोडाच वेळ. वर जायचं की खाली, हे त्याला कळत नाही. तेवढ्यात दोन्ही वास एका जागी उभे असतात. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. मला ते हवंय."

"मग अडलंय कुठं?"

"लिंबू पळतं. अंगाला लावलं की आधी तेच उडून जातं. देवदार आळशी, उशिरा उठतो. तो येईपर्यंत लिंबू गावाला गेलेलं असतं. या दोघांची गाठ पडतच नाही." त्यानं ड्रॉपर खाली ठेवला. "आणि हे शेवटचंच. हे दिलं की खोली रिकामी करायची. भावाची लाकडाची वखार आहे तिकडे. लाकूड मोजायला नाक लागत नाही."

"हं," ती म्हणाली, आणि एक अगदी बरोबर असलेला शब्द तिनं लाल पेन्सिलीनं खोडला.

नमुन्यांना नावं तिनंच दिली. एकाचं 'रागावलेलं लिंबू'. एकाचं 'ओला टॉवेल'. एकाचं 'पाहुणे बसलेत', कारण त्यात सगळे वास अवघडून बसले होते. तो तिच्या शब्दांवरून थेंब कमी-जास्त करायचा. पट्टी हातात देताना बोटं लागायची... आणि दोघंही ती जरा घाईनंच मागे घ्यायची. पट्टी हुंगून ती डोळे मिटायची. डोळे उघडायची तेव्हा तो तिच्याकडे बघत असायचा. कामच होतं ते त्याचं. उत्तराची वाट बघणं.

संध्याकाळी ती वर गेली की वन्सं वर्तमानपत्रामागून म्हणायच्या, "आली का पहारेकरीण?"

"शेगडी जुनी आहे हो त्यांची."

"हो ना. आणि केसांत पिन नवी आहे तुझी."

*

उतारावरून त्याच्या भावानं लिंबांची पेटी पाठवली ती दुपार. घाईत तोडलेली लिंबं होती, देठासकट, पानांसकट. खारूताईनं एक काडी उपसली, दोन्ही हातांत धरून मोडली, नाकाला लावली आणि आईकडे धावली.

"आई, हे लिंबू आहे की लाकूड?"

तिनं काडी घेतली. मोडलेल्या जागी हिरवा, कडसर, थोडा धुळकट वास होता. लिंबू होतं त्यात, पण पळणारं नव्हे. मुळं धरून उभं असलेलं. आणि लाकूड होतं, पण अजून कोवळं.

"अहो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "तुम्ही सालीचं तेल घालताय ना? आणि काडीचं? लिंबाच्या पानांचं, काड्यांचं निघतं का तेल?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "निघतं," तो म्हणाला. "माझ्याकडे आहे. मला... सुचलं नाही."

दोन दिवसांनी त्यानं पट्टी तिच्यापुढे धरली. तिनं डोळे मिटले.

खिडकीतून रस्त्याचा आवाज येत होता, तो कुठंतरी लांब गेला. ती कधी न पाहिलेल्या एका उतारावर उभी होती, आणि वारा थांबला होता. लिंबू आणि देवदार एका जागी. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. तिला श्वास सोडवेना. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, तिला कशाचीच भीती वाटत नव्हती.

आणि लगेच वाटली. झालं म्हटलं की खोली रिकामी होणार. खाली अंधार होणार, दाराला कुलूप लागणार.

तिनं डोळे उघडले. तो बघत होता.

"अजून नाही," ती म्हणाली.

आयुष्यात इतकं शांतपणे ती कधी खोटं बोलली नव्हती.

तो काही क्षण तिच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बरं. नाव काय देऊ याला?"

"थांब," ती म्हणाली. "याचं नाव... 'थांब'."

त्यानं चिठ्ठीवर नाव लिहिलं आणि बाटली फळीवर सगळ्यांच्या मागे ठेवली. त्यानंतर तो आणखी नमुने करत राहिला आणि ती प्रत्येकाला नाक मुरडत राहिली. हे जास्त गोड. हे जास्त कडक. रोज वर जाताना ती स्वतःला बजावायची, उद्या सांगू. ज्या बाईला खोटेपणाची इतकी चीड, ती बाई जिना चढताना कठड्याला धरून चढायची.

*

कंपनीचा माणूस यायचा होता त्याच्या आदल्या दुपारी तो भलत्याच तंद्रीत होता. तीही होती. आजचं शेवटचं. त्यानं पट्टी दिली, तिनं घेतली, आणि बोटं या वेळी कुणीच मागे घेतली नाहीत.

"काकाऽ, बूट," खारूताई त्याच्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली.

तो खाली बसला. बुटाची नाडी बांधता बांधता त्याचं नाक तिच्या कपाळापाशी गेलं. आणि हात थांबले. त्यानं पुन्हा, सावकाश, तिच्या केसांपाशी श्वास घेतला. वर पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता.

"हिला ताप येतोय," तो म्हणाला. "वर न्या हिला."

"काय?" तिनं मुलीच्या गालाला हात लावला. "गार आहे की."

"अजून गार आहे. पण वास आलाय. तुम्ही म्हणता तो. ओल्या खडूचा."

तिनं वाकून मुलीचं कपाळ हुंगलं. होता. स्पष्ट होता. दुपारभर मुलगी तिच्या पायाशी होती आणि तिला, तिला, आला नव्हता.

मग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. ती सावकाश सरळ झाली.

"तुम्हाला वास येतो," ती म्हणाली.

त्यानं अर्धी राहिलेली नाडी बांधून टाकली.

मुलीला उचलून ती निघाली. मागे वळून तिनं पाहिलं नाही.

*

ताप आला तो दिवेलागणीला, चढला आणि औषधानं उतरलाही. डॉक्टर म्हणाले, साथ आहे, मुलांना होतोच. पहाटे खारूताई उठून बसली आणि वासकाकांकडे जायचं म्हणाली. वन्संनी तिला दूध दिलं आणि भावजयीकडे पाहिलं. ती खिडकीशी बसून होती.

"ताप उतरलाय तिचा. तुझा कधी उतरणार?"

"वन्सं, त्यांनी लपवलं माझ्यापासून."

"काय लपवलं?"

तिनं सगळं सांगितलं. स्वतःचं 'अजून नाही' सुद्धा. ते सांगताना मान खाली गेली. वन्संनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"माझ्या भावानं दुखणं लपवलं," त्या म्हणाल्या. आवाजाची धार कुठंतरी गेली होती. "त्याला वाटलं, तुला त्रास नको. त्याचा मलाही राग येतो. अजून येतो. पण हा माणूस काय लपवत होता? बरं झाल्याचं? अगं, लोक दुखणी लपवतात जायच्या आधी. यानं बरं होणं लपवलं, तू यायची थांबू नयेस म्हणून. आणि पोरीच्या कपाळाला वास आला तेव्हा सगळं उघडं पडेल हे कळूनही बोलला." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "माझ्या भावाची शिक्षा तू आणखी किती जणांना देणार आहेस?"

ती उठली. दारापाशी पोचली तोच वन्सं मागून म्हणाल्या, "चप्पल."

*

तो खाली नव्हता. जिन्याच्या मधल्या वळणावर, पायरीवर बसला होता. कपडे कालचेच.

"कशी आहे?" तो उठून उभा राहिला.

"उतरला. साथीचा होता." ती त्याच्या वरच्या पायरीवर थांबली. "तुम्ही इथं कधीपासून आहात?"

"काही ना—" तो म्हणू लागला, आणि थांबला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं शब्द गिळला. "कालपासून," तो म्हणाला. "वर यायचा धीर झाला नाही. खाली जाववेना."

"वास कधीपासून येतोय?"

"त्या काडीच्या दिवसापासून. तुम्ही बोलत होतात आणि मला एकदम... लिंबू आलं. पुसट. वाटलं, भास असेल. दुसऱ्या दिवशी चहा आला. मग तुमच्या मुद्रितांची शाई."

"आणि बोलला नाहीत."

"बोलणार होतो. पट्टी तुमच्या हातात देऊन बोलणारच होतो. ती मी आधी हुंगली होती. मला माहीत होतं ते झालंय. वारा थबकला होता त्यात. आणि तुम्ही डोळे उघडून म्हणालात, अजून नाही."

तिचे कान तापले. कठड्यावरचा हात तिनं घट्ट केला.

"आधी वाटलं, माझंच नाक खोटं बोलतंय," तो म्हणाला. "मग तुमचा चेहरा पाहिला. नाक खरं बोलत होतं." त्याचा आवाज अगदी खाली आला. "माझ्यासाठी कुणी असं खोटं बोललेलं नाही. मग मला खरं बोलवेना. चुकलंच माझं."

"माझंही," ती म्हणाली. "पण माझी गोष्ट वेगळी आहे. मी एका 'काही नाही'वर संसार गमावलाय. मला पुन्हा तसं नाही जगता येणार. चांगलं असो, वाईट असो... मला कळलं पाहिजे. साधा ठसका लागला तरी."

"कळेल."

"नुसतं म्हणायला नको."

तो विचार करू लागला. मग गंभीरपणे म्हणाला, "डावी दाढ दुखतेय. परवापासून. तुम्ही आणलेली बिस्किटं कडक होती म्हणून बोललो नाही."

ती बघत राहिली.

"पायरीवर बसून पाठ धरलीये. चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक, चिठ्ठ्या लांब धरून वाचतो. रात्री घोरतो असं भाऊ म्हणतो, खरं-खोटं मला माहीत नाही. आणि..." तो अडखळला. "आणि वखारीत जायचं नाहीये मला. खोलीही सोडायची नाहीये. नाक परत आलंय म्हणून नव्हे. नसतं आलं तरी... तू दुपारी येणार असशील, तर मी इथंच राहीन."

'तू' कधी आला, ते त्यालाही कळलं नाही. तिला कळलं. तिनं तो परत केला नाही, राहू दिला.

खालचं दार उघडं होतं. वर गच्चीचं दारही वन्संनी उघडलं असावं. रोज सकाळी वरून खाली वारा यायचा तिच्या घरातल्या दुधाचा, साबणाचा, धुतलेल्या कपड्यांचा वास घेऊन, आणि दुपारनंतर खालून वर चढायचा. आता तो नुसता उभा होता.

"दहा वाजता माणूस येईल ना?" तिनं विचारलं. "कुठली बाटली देणार?"

"तू सांग. नाक तुझं."

ती एक पायरी उतरली. त्याच्या मनगटाशी वाकून तिनं श्वास घेतला. फळीवर सगळ्यांच्या मागे ठेवलेली ती बाटली त्यानं केव्हा उघडली होती कोण जाणे. कातडीवर लिंबू अजून होतं. पळालं नव्हतं. देवदार येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला होता.

"झालं," ती म्हणाली.

वरून वन्संचा आवाज आला, "पोरगी विचारतेय, वासकाका आत येणारेत की जिन्यातच राहायला आलेत?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग वळून जिना चढू लागली, आणि पहिल्याच पायरीवर, मागे न बघता, हात मागे केला.